पीळ

इद्रियाहून सकाळच्या बसने ती येते,
मिंका लापाइने, वय एकाहत्तर,
आणि कोट उतरवायच्या आधी
पिशवीतली लेसची उशी टेबलावर ठेवते.
तिच्या गावी पाऱ्याची खाण होती.
पुरुष खाली उतरत, बायका वर लेस विणत.
खाणीतल्यांचेही हात थरथरत, ती सांगते,
पण त्यांना कारण तरी ठाऊक होतं.

तिचा उजवा हात
सेकंदाला पाच वेळा हो म्हणतो,
कुणी काही विचारलेलं नसताना.

मी डॉक्टर नाही.
ल्युब्लियानातल्या या इस्पितळाच्या तळघरात
दोनशे समीकरणं सांभाळतो.
प्रत्येक समीकरण एक पेशी. प्रत्येकीची आपली चाल,
कुणी उतावीळ, कुणी रेंगाळणारी,
सुट्या ठेवल्या तर नुसता गलका.
मग त्यांच्यामध्ये धागे सोडतो
आणि धाग्यांना एकच नियम देतो:
तुझ्या हाकेमागोमाग ती बोलली, तर जाड हो.
ती आधीच बोलून गेली असेल, तर विर.
बाकी काही शिकवत नाही.

रात्री उशिरा पडद्यावर संगनमत सुरू होतं.
एकीची री दुसरी ओढते, दुसरीची चौघी.
जुळतं म्हणून धागा जाडावतो,
धागा जाडावतो म्हणून आणखी जुळतं.
लय लागते,
आणि त्या लयीतच एकेकीचा लय होतो.
पहाटेला दोनशे जणी, एकच ठोका.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते इतकं सुंदर वाटलं
की मी ओझबेयला घरी फोन करून उठवलं.
तो पायजम्यावर कोट चढवून आला,
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, म्हणाला,
हा लापाइनेबाईंचा हात आहे.

तिच्या मेंदूत खोल, मसुराच्या आकाराच्या एका जागी,
चार टोकांची बारीक तार आहे.
जुनी रीत म्हणजे वीज सोडत राहायची, अखंड.
वीज असेतो हात गप्प.
बंद केली की पुन्हा हो, हो, हो.
सुंभ जळायचा, पीळ तसाच.

नवी रीत ओझबेयने माझ्या समीकरणांवर आधी करून पाहिली.
हलकी टिचकी, तिसऱ्या टोकाला.
मग पहिल्याला. मग चौथ्याला, दुसऱ्याला.
मग काहीच नाही.
मग क्रम बदलून.
गप्प कुणालाच करायचं नाही,
फक्त एकदम बोलू द्यायचं नाही.
धाग्यांना कळेना कोण आधी, कोण नंतर.
नियम तोच होता. त्याच नियमाने ते विरत गेले.

हे मी मिंकाबाईंना समजावून सांगायला गेलो, आकृत्या घेऊन.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
जास्त पीळ बसलेला धागा तोडायचा नसतो, त्या म्हणाल्या,
बॉबिन उशीवरून खाली लोंबू द्यायची.
ती आपली आपण उलटी फिरते.
फक्त मध्ये हात घालायचा नाही.
मी आकृत्या घडी करून खिशात ठेवल्या.

गुरुवारी यंत्र बंद केलं.
ओझबेय घड्याळाकडे बघत होता, मी हाताकडे,
ती खिडकीबाहेर, जिथे कुणीतरी सायकलीला हवा भरत होतं.
हात एकदा हलला.
मग मांडीवर पडून राहिला, मांजरासारखा.
पाच मिनिटं. वीस.
तिने विचारलं, आता विणू का?
आणि लाकडी बॉबिन वाजू लागल्या,
एक इथे, एक तिथे,
कुणीच कुणाची वाट न बघता.

किती टिकेल ते आम्ही सांगितलं नाही.
आम्हालाच ठाऊक नव्हतं.
समीकरणांतही दोन विसावे आहेत,
एक सुटा, एक जखडलेला,
आणि मधल्या उतारावर कोण कुठल्या बाजूला घरंगळेल
ते वाऱ्यावर.

पाचव्या आठवड्यात टपालाने लेस आली,
तळहाताएवढी, पांढरी.
एका कोपऱ्यात धागे चुकीचे ओलांडलेले,
सलग पाच वेळा.
सोबत चिठ्ठी, अक्षर जरा तिरकं:
इथे हात हो म्हणाला. उसवलं नाही.